मुखवट्यामागचा माणूस

लहान मुलांच्या स्वभावांत एक मोठें कोडें आहे. अंधाऱ्या खोलींत एकटें जावयास जें मूल धजत नाहीं, तेंच मूल रात्रीं आजीच्या कुशींत शिरून भुताची गोष्ट सांग म्हणून हट्ट धरतें. गोष्ट रंगांत आली म्हणजे गोधडी डोक्यावरून ओढून घेतें, कान मात्र उघडे ठेवतें, आणि आजी क्षणभर थांबली कीं आंतूनच विचारतें, "मग पुढें काय झालें?" ज्याचें भय त्याचीच गोडी, हा काय प्रकार आहे? आपल्या प्राचीन साहित्यशास्त्रकारांना हें कोडें चांगलें ठाऊक होतें. म्हणूनच भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत जे आठ रस गणिले त्यांत भयानकासही मानाचें आसन दिलें. व्यवहारांत जें भय नकोसें होतें तेंच रंगभूमीवर आस्वाद्य होतें. कारण आपण स्वतः सुरक्षित आहों, ही जाणीव प्रेक्षकाच्या मनांत जागी असते.

हा विषय आज काढण्याचें कारण असें कीं, चाळिशीकडे झुकलेलीं आमचीं मुलें, त्यांचे सोबती, परदेशीं स्थायिक झालेले भाचे-पुतणे अशी मंडळी सणासुदीला एकत्र जमली म्हणजे गप्पांच्या ओघांत एका कुत्र्याचें नांव हटकून निघतें. आणि तें निघतांच चांगल्या कर्त्यासवरत्या गृहस्थांचे चेहरे दहा वर्षांच्या मुलांसारखे होतात. तें नांव म्हणजे स्कूबी-डू. आमच्या पिढीच्या कित्येक वाचकांस हा केवळ पोरखेळ वाटेल. परंतु जो पोरखेळ अर्धशतकाहून अधिक काळ टिकतो आणि ज्याच्या आठवणीनें प्रौढ माणसें हळवीं होतात, त्याच्या मुळाशीं कांहीं तरी विचार करण्याजोगें असलें पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

'स्कूबी-डू, व्हेअर आर यू!' या नांवाची ही व्यंगचित्रमालिका अमेरिकेंत सी. बी. एस. या दूरचित्रवाणी-संस्थेनें ता. १३ सप्टेंबर १९६९ रोजीं, शनिवारीं सकाळीं, प्रथम दाखविली. पहिल्या हंगामांत १७ आणि १९७० सालच्या दुसऱ्या हंगामांत ८, असे तिचे अवघे २५ भाग निघाले. त्या शनिवारीं जीं अमेरिकन मुलें सात-आठ वर्षांचीं होतीं तीं आज साठी ओलांडून गेलीं आहेत. म्हणजे तीं आमच्याच वयाचीं. पुढें त्याच पात्रांना घेऊन नवनव्या मालिका व चित्रपट निघत राहिले. भारतांत कार्टून नेटवर्क ही वाहिनी १९९५ सालीं सुरू झाली आणि तिच्या द्वारें हा कुत्रा आपल्याही दिवाणखान्यांत येऊन बसला. आमच्या मुलांची पिढी ती हीच.

ज्यांनीं ही मालिका पाहिली नसेल त्यांच्यासाठीं तिचें स्वरूप थोडक्यांत सांगतों. फ्रेड, डॅफ्नी, वेल्मा आणि शॅगी हीं चौघें तरुण मुलें व स्कूबी-डू नांवाचा ग्रेट डेन जातीचा धिप्पाड कुत्रा, फुलांचीं चित्रें काढलेल्या एका रंगीबेरंगी मोटारींतून गांवोगांव हिंडत असतात. फ्रेड हा पुढारी व सांपळे रचणारा. डॅफ्नी रूपवती व हौशी, पण संकटांत सांपडण्यांत पटाईत. वेल्मा जाड भिंगांचा चष्मा लावणारी, सर्वांत बुद्धिमती. शॅगी विस्कटलेल्या केसांचा, सदा भुकेला आणि सदा भ्यालेला. स्कूबी आकारानें वासराएवढा, पण भित्रेपणांत शॅगीस हार जाणारा नव्हे. वाटेंत एखादा पडका वाडा, ओसाड खाण किंवा निर्मनुष्य विमानतळ लागतो. तेथें भूत दिसतें. हीं मुलें पळून न जातां दोन तुकड्या करून शोध घेऊं लागतात. इकडे एक चिठ्ठी सांपडते, तिकडे ओल्या रंगाचा डाग दिसतो. मग पाठलाग, धांवपळ, सांपळा. सांपळा बहुधा भलताच फसतो आणि भूत भलत्याच रीतीनें पकडलें जातें. शेवटीं मुखवटा ओढला जातो आणि आंतून कोण निघतें? घराचा रखवालदार, शेजारचा जमीनदार, नाहींतर कुटुंबाचा वकील! या आगाऊ पोरांनीं नाक खुपसलें नसतें तर आपला बेत तडीस गेला असता, असें कुरकुरत तो पोलिसांबरोबर चालता होतो. प्रत्येक भागांत हेंच. बावीस मिनिटांत खेळ आटोपतो.

ही मालिका निघाली तिचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. १९६८ हें वर्ष अमेरिकेस फार दुःखाचें गेलें. एप्रिलांत मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्यें रॉबर्ट केनेडी यांचे खून झाले. शनिवारच्या सकाळीं मुलांना दाखविल्या जाणाऱ्या कार्यक्रमांत त्या वेळीं अचाट शक्तीच्या वीरांची हाणामारी भरलेली असे. घराबाहेर रक्तपात आणि घरांतही ठोसाठोशी, हें पाहून पालक अस्वस्थ झाले. त्याच वर्षीं मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील कांहीं मातांनीं मुलांच्या कार्यक्रमांच्या सुधारणेसाठीं एक संघटना स्थापन केली. सी. बी. एस.चे कार्यक्रम-अधिकारी फ्रेड सिल्व्हरमन यांस मारामारी नसलेली परंतु मुलांस खिळवून ठेवील अशी गोष्ट हवी होती. हॅना-बार्बेरा या चित्रशाळेंतील जो रूबी व केन स्पिअर्स या दोन लेखकांनीं ती रचिली. पहिला आराखडा वरिष्ठांस मुलांच्या मानानें फारच भीतिदायक वाटला. तेव्हां युक्ति अशी निघाली कीं, मागें असलेल्या कुत्र्यास पुढें आणावें आणि त्याच्या भित्रेपणानें भुताची धार बोथट करावी. विमानप्रवासांत ऐकलेल्या फ्रँक सिनात्राच्या एका गाण्याच्या शेवटच्या निरर्थक आलापांवरून कुत्र्याचें नांव सुचलें, असें सिल्व्हरमन सांगत असत.

या कुत्र्याचें रूप इवाओ ताकामोतो या चित्रकारानें घडविलें. हा जपानी वंशाचा, पण जन्मानें अमेरिकन. दुसऱ्या महायुद्धांत त्याच्यासारख्या निरपराध कुटुंबांना केवळ वंशामुळें छावण्यांत डांबण्यांत आलें. मॅन्झनार येथील तशाच छावणींत, आपल्याबरोबर कोंडलेल्या माणसांकडून, तो चित्रकलेचे पाठ शिकला. ग्रेट डेन कुत्र्याचीं उत्तम लक्षणें कोणतीं हें त्यानें एका जाणकार बाईस विचारून घेतलें आणि मग प्रत्येक लक्षण उलटें केलें. सरळ पायांच्या जागीं वांकडे पाय, ताठ पाठीच्या जागीं पोंक! असा हा कुलक्षणी कुत्रा जगभर लाडका झाला. ज्या चित्रकारानें तारुण्याच्या उंबरठ्यावर खरें भय पाहिलें होतें, त्याच्या हातून भित्र्या पण प्रेमळ प्राण्याचें हें चित्र उतरावें, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

चित्रकलेच्या दृष्टीनें मालिका श्रीमंत नव्हती, हेंही सांगितलें पाहिजे. विल्यम हॅना व जोसेफ बार्बेरा यांनीं पूर्वीं एम. जी. एम.मध्यें 'टॉम अँड जेरी'चे लघुपट काढून त्यांवर सात ऑस्कर पारितोषिकें मिळविलीं होतीं. १९५७ सालीं ती चित्रशाळा बंद झाल्यावर त्यांनीं दूरचित्रवाणीसाठीं काटकसरीची पद्धति अवलंबिली. तींत चित्रें थोडीं, आणि तींच पुनः पुनः वापरावयाचीं. म्हणून स्कूबी व शॅगी लांबलचक खोलींतून पळत असतां तेंच टेबल, तोच दिवा, तीच खिडकी पुनः पुनः मागें जातांना दिसते. मोठ्यांस हें हास्यास्पद वाटतें. मुलांस त्याचें कांहींच वाटत नाहीं. आजीच्या गोष्टींतला राजाही दर वेळीं त्याच वाटेनें शिकारीस जातो. एखाद्या रात्रीं तिनें वाट बदलली तर मूलच तिला दुरुस्त करतें.

रसशास्त्राच्या अभ्यासकास येथें एक मौज दिसेल. साहित्यदर्पणकार विश्वनाथानें रसांचे परस्परविरोध सांगतांना हास्य व भयानक यांस एकमेकांचे विरोधी म्हटलें आहे. हंसूं आलें कीं भीति पळते आणि भीति शिरली कीं हंसूं मावळतें, हा तर सर्वांचा अनुभव. परंतु या मालिकेनें तो विरोधच कामास लाविला. भयानक चढूं लागला कीं स्कूबीचे दांत वाजूं लागतात, शॅगी त्याच्या कडेवर उडी मारतो, आणि हास्य येऊन भयानकाची उंची बेतांत ठेवतें. मुलाच्या मनांत भीति इतकीच वाढूं द्यावयाची कीं तिची चव लागावी, पण ती घशाखालीं उतरून झोप उडूं नये. निष्णात सुगरण ठेंच्यांत मिरची घालते त्यांतलाच हा हिशेब आहे. शिवाय यांत एक दिलासाही आहे. भित्रा शॅगी आणि भित्रा स्कूबी यांना सोबती टाकून देत नाहींत. घाबरत कां होईना, तीं दोघें शेवटपर्यंत बरोबर जातात. भ्यालेल्या मुलास 'तूं भित्रा आहेस' असें हिणविण्यापेक्षां 'भीत भीत ये, पण ये' हें सांगणें किती हितकर, हें आम्हांस शिक्षकाच्या पेशांत अनेक वर्षें दिसत आलें आहे.

आतां स्मरणरंजनाकडे वळूं. इंग्रजींत ज्यास 'नॉस्टॅल्जिया' म्हणतात तो शब्द योहानेस होफर नांवाच्या स्विस वैद्यकीय विद्यार्थ्यानें १६८८ सालीं बाझल येथील आपल्या प्रबंधांत घडविला. घरीं परत येणें व वेदना अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांची ती जोड आहे. परमुलखांत चाकरी करणारे स्विस शिपाई मायभूमीच्या आठवणीनें झुरून आजारी पडत, त्या व्याधीस त्यानें हें नांव दिलें. म्हणजे आरंभीं हा रोग मानला गेला. पुढें त्याचा अर्थ स्थळावरून काळाकडे सरकला. आपल्याकडे कालिदासानें याच भावाचें सूक्ष्म दर्शन शाकुंतलाच्या पांचव्या अंकांत घडविलें आहे. हंसपदिकेचें गाणें कानीं पडतांच दुष्यंत व्याकूळ होतो. प्रिय जनाचा विरह नसतांही आपलें मन असें कां हुरहुरतें, हें त्याचें त्यास उमगत नाहीं. स्कूबीच्या नांवासरशीं आमच्या मुलांच्या डोळ्यांत जें चमकतें तें बहुधा याच जातीचें असावें. त्यांना केवळ कुत्रा आठवत नाहीं. शाळेस सुट्टी असलेली सकाळ, स्वयंपाकघरांतून येणारा फोडणीचा वास, एकाच सतरंजीवर दाटीवाटीनें बसलेलीं सहा भावंडें, आणि "आवाज कमी करा रे!" म्हणून आंतून आलेली आजोबांची हांक, हें सर्व त्या नांवाला चिकटून येतें. अमेरिकेंतील मुलांस शनिवारची सकाळ तशीच प्रिय होती. ती प्रथाही ओसरत गेली आणि २०१४ सालीं तेथील मोठ्या प्रसारण-संस्थांवरील शनिवार-सकाळच्या व्यंगचित्रांचा अखेरचा नेहमीचा कार्यक्रम बंद झाला. आतां वाटेल तें वाटेल त्या वेळीं पाहतां येतें. पण ज्याची आठवडाभर वाट पाहावी असें कांहीं राहिलें नाहीं.

तथापि एवढ्यानें उलगडा होत नाहीं. शनिवारच्या सकाळीं इतर मालिकाही पुष्कळ होत्या. त्यांतील बहुतेक विस्मरणांत गेल्या. हीच कां उरली? आमच्या मतें याचें कारण तिच्या शेवटांत आहे. तेथें भूत हें शेवटीं माणूसच निघतें, हा त्या जगाचा नियम आहे. वेदान्तांत रज्जुसर्पाचा दृष्टान्त पदोपदीं येतो. अंधुक उजेडांत दोरी सापासारखी भासते, छाती धडधडते, घाम सुटतो. दिवा आणतांच साप नाहींसा होतो आणि दोरी उरते. साप कोणी मारावा लागत नाहीं. दिवा आणणें एवढेंच काम. वेल्मा हा त्या मालिकेंतील दिवा आहे. ही कथापद्धतिही नवी नव्हे. ॲन रॅडक्लिफ या इंग्रज लेखिकेनें १७९४ सालच्या 'उडोल्फो'विषयींच्या कादंबरींत वाचकांस भयानें गारठवून शेवटीं बहुतेक अद्भुताचा लौकिक उलगडा केला. आणि १९०२ सालीं ग्रंथरूपानें निघालेल्या 'बास्करव्हिल'च्या कथेंत शेरलॉक होम्सनें ज्वाला ओकणाऱ्या पिशाच्च-श्वानाच्या अंगावरील फॉस्फरस उघडकीस आणला. कार्ल सेगन या थोर ज्योतिर्विदानें स्कूबीच्या मालिकेंतील या चिकित्सक वृत्तीचें कौतुक केलें असून मोठ्या माणसांसाठींही असें कांहीं निघावें, अशी इच्छा व्यक्त केली होती, ती याच कारणानें.

परंतु मुखवटा काढल्यावर जो माणूस निघतो तो कां भूत झालेला असतो, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. पहिल्याच भागांतील काळा शिलेदार घ्या. रात्रीं चिलखत चालूं लागतें म्हणून संग्रहालयांत घबराट होते. शेवटीं कळतें कीं तेथील व्यवस्थापकच अस्सल चित्रें चोरून त्यांच्या जागीं नकली लावीत होता, आणि खोटेपणा ओळखील अशा विद्वानास त्यानें नाहींसें केलें होतें. दुसऱ्या एका भागांत सोन्याच्या जुन्या खाणीजवळ एका मृत खाणकामगाराचें भूत पाहुण्यांना पिटाळून लावतें. तें निघतें तेथीलच नोकर. खाणींत तेल आहे हें त्यास कळलेलें असतें आणि धंदा बुडून मालमत्ता स्वस्तांत पडावी हा त्याचा डाव असतो. तिसऱ्या एका भागांत वारसांनीं एका वाड्यांत रात्र काढावी अशी मृत्युपत्राची अट असते. रात्रीं एकेक वारस नाहींसा होऊं लागतो. आणि हिरव्या भुतांच्या आंत निघतात त्या इस्टेटीचे दोन वकील! गंमत अशी कीं, ज्या धनासाठीं हा खटाटोप तें यादवी युद्धांत हरलेल्या पक्षाच्या नोटांचें, म्हणजे कवडीमोल असतें. थोडक्यांत, भुताच्या मागें लोभ आहे; आणि लोभाच्या पुढें बहुधा कोणाची तरी जमीन, घर किंवा वारसा आहे. आपल्या कौटिल्यास हें गुपित पूर्ण ठाऊक होतें. अर्थशास्त्राच्या पांचव्या अधिकरणांत, रिता कोश भरण्याचे उपाय सांगतांना, झाडावर मनुष्यबळि मागणारा राक्षस आहे असा देखावा हेरांनीं करावा आणि त्याच्या निवारणासाठीं नगरजनांकडून सोनें जमवावें, असें तो निःसंकोच लिहितो. भय विकून पैसा करण्याचा धंदा इतका जुना आहे.

वाचकहो, ही चित्रांतील गोष्ट नव्हे. आमच्या आजोळीं, कोंकणांत, आमच्या आईची एक चुलत मावशी ऐन तारुण्यांत विधवा झाली. मूलबाळ नव्हतें. दोन खोल्या, ओटी आणि मागच्या अंगणांतील पिंपळासह थोडी वाडी एवढा तिचा वांटा होता. वर्ष उलटलें नाहीं तोंच रात्रीं तिच्या कौलांवर दगड पडूं लागले. कधीं पिंपळावर दिवा हलतांना दिसे. 'मुंजा खवळला आहे, बाईमाणसानें तेथें राहूं नये,' असें चारचौघांत बोललें जाऊं लागलें. बिचारी तीन महिने जपमाळ घेऊन जागत राहिली. एकाही पुरुषानें कंदील घेऊन त्या पिंपळापर्यंत जाण्याची तसदी घेतली नाहीं. जो तो आपापल्या घराचें दार लावून निजला. अखेर कुलूप घालून ती भावाकडे निघून गेली आणि तिचा वांटा भाऊबंदांपैकींच एकानें मातीमोलानें घेतला. खरेदीखतावर तिची सही झाली त्या दिवसापासून कौलांवर एकही दगड पडला नाहीं. पिंपळ होता तेथेंच होता. मुंजाला कोणी नैवेद्य दाखविला नाहीं, कोणी शांति केली नाहीं. तरी तो आपोआप शांत झाला! मावशी पुढें तीस वर्षें भावाच्या उंबऱ्याच्या आंत, पण ओशाळेपणानें राहिली. त्या घराण्याचें नांव घेण्याचें आज प्रयोजन नाहीं. पण शेवटच्या आजारांतही ती "माझ्या पिंपळाला पाणी घालतात का रे?" असें विचारी, तें आम्ही विसरूं शकत नाहीं. चार आगाऊ पोरें आणि एक भित्रा कुत्रा त्या गांवीं असता तर!

आतां दुसरी बाजू. अशा मालिकांनीं मुलें घाबरट होतात, असा आक्षेप कित्येक माता घेतात, आणि तो अगदींच पोकळ नाहीं. आमच्याच घरीं हा वाद झाला. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, त्याला तें भुताचें कार्टून दाखवूं नका, रात्रीं पाणी प्यायलासुद्धां तो एकटा उठत नाहीं." चिरंजीवांनीं आपल्या लहानपणाची साक्ष काढली, पण घाबरणारें मूल समोर असतांना बापाच्या बालपणाची साक्ष काय कामाची? तेव्हां असें ठरलें कीं, नातवानें तें एकट्यानें पाहूं नये. कोणीतरी वडील माणसानें शेजारीं बसावें आणि शेवट पाहिल्याखेरीज कोणी उठूं नये. महिनाभर हें काम आमच्याकडे होतें. एका रात्रीं माळ्यावर धडधड आवाज झाला. पूर्वीं तो आईला बिलगला असता. त्या रात्रीं त्यानें येऊन आमचा हात धरला आणि विचारलें, "आजोबा, बॅटरी कुठें आहे?" वर जाऊन पाहतों तों वाऱ्यानें पत्र्याचा एक जुना डबा आडवा होऊन गडगडत होता. बॅटरी धरणारा हात थरथरत होता हें खरें; पण ती त्यानें खालीं ठेवली नाहीं.

पुढची गोष्ट त्याहून मासलेवाईक. दुसऱ्या दिवशीं जेवतांना तो भात टाकूं लागला, तेव्हां घरांतील एक वडीलधाऱ्या बाई नेहमीच्या संवयीनें म्हणाल्या, "मुकाट्यानें जेव, नाहींतर बागुलबुवा येईल." त्यानें घांस तसाच हातांत धरून विचारलें, "त्याचा मुखवटा काढला तर आंत कोण निघेल?" पंगतींत क्षणभर कोणी बोललें नाहीं, मग त्या बाईच सर्वांत आधीं हंसल्या. पण प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. बागुलबुवाच्या मुखवट्याआड आपणच असतों. चार घांस अधिक जावेत, दुपारीं घटकाभर शांतता मिळावी, एवढ्या अल्प लाभासाठीं आपण मुलाच्या मनांत अंधार भरतों. आणि तोच मोठा होऊन अंधारास भिऊं लागला कीं व्यंगचित्रास दोष देतों!

मालिकेंत दोष नाहींत असें नव्हे. तोचतोपणा आहे, डॅफ्नीच्या वांट्यास धडपडणें व पकडलें जाणें याखेरीज फारसें येत नाहीं, विनोद झाला हें कळावें म्हणून मागून हंसण्याचे ध्वनि घातलेले आहेत. पुढील अवतारांत तर मूळ नियमच मोडला. १९८५ सालच्या 'थर्टीन घोस्ट्स'मध्यें आणि १९९८ सालच्या 'झोंबी आयलंड' या चित्रपटांत भुतें खरींच निघालीं. त्यांचेही चाहते आहेत. चित्रें अधिक रेखीव, कथा अधिक गुंतागुंतीची. परंतु आमच्या मतें ज्या गोष्टीसाठीं माणसें पहिल्या मालिकेकडे परत परत जातात ती तेथें हरवली. एक गोष्ट मात्र आमच्या वाचकांस आवडेल. शॅगीस आवाज देणारे केसी केसम हे स्वतः कट्टर शाकाहारी होते. एका खाद्यगृहाच्या मांसाहारी जाहिरातीस शॅगीचा आवाज देण्याचें त्यांनीं १९९५ सालीं नाकारलें आणि ती भूमिका सोडली. २००२ सालीं परतले ते शॅगीनेंही शाकाहारी व्हावें या अटीवर. पोटापाण्याच्या धंद्यांतही आपलें व्रत सांभाळणारा असा माणूस एका खादाड पात्राच्या मागें उभा होता. केसम २०१४ सालीं वारले. जो रूबी व केन स्पिअर्स हे दोघेही मित्र २०२० सालीं, अवघ्या अडीच महिन्यांच्या अंतरानें, हें जग सोडून गेले.

स्मरणरंजन म्हणजे मागें वळून उसासे टाकणें एवढेंच असेल तर त्याचा उपयोग थोडा. पण आपल्याला काय आठवतें, यावरून आपल्याला काय मिळालें होतें हें कळतें. आणि काय मिळालें होतें हें कळलें म्हणजे पुढच्यांस काय द्यावें हेंही सुचतें. आमच्या मुलांस त्या सतरंजीवर एक गोष्ट मिळाली. भय खरें असतें, पण भयाचें कारण तपासून पाहतां येतें. आणि तपासण्यास जातांना सोबत असली तर भित्र्यासही जातां येतें. ही शिकवण कोण्या पाठ्यपुस्तकानें याहून सोप्या रीतीनें दिली असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

यापुढें मुलांची भुतें कौलांवर दगड टाकणारीं असतील असें नाहीं. तीं दूरध्वनीवरून बोलतील, पोलिसांचा वेष करून पडद्यावर येतील, 'ताबडतोब पैसे भरा, नाहींतर अटक होईल' असें धमकावतील. वृत्तपत्रांत अशा फसवणुकीच्या हकीकती आपण वाचतों. त्यांत सुशिक्षित आणि वयोवृद्ध माणसेंही असतात. मुखवटा नवा, धंदा जुनाच. म्हणून घरांतील वडील मंडळींस आमची एवढीच विनंति आहे: मूल भ्यालें तर त्यास हंसूं नका, आणि त्याच्या भीतीचा उपयोगही करून घेऊं नका. शेजारीं बसा, शेवटपर्यंत बसा. आणि माळ्यावर आवाज झाला तर त्याच्या हातीं बॅटरी देऊन बरोबर जा.